पाहुण्यांच्या खुर्च्या

तात्या पोतनीसांच्या ओट्याला मालक नव्हता. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत, आणि अगदी मालकाच्या थाटात सांगत.

हा ओटा घरापुढचा नव्हे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसाने बागकाम करावं, पोथी वाचावी, निदान बायकोला मेथी निवडू लागावी. तात्यांनी एक जुना कॉम्प्युटर फ्रिजवर चढवला, तो चोवीस तास चालू राहील अशी सोय केली आणि त्यावर उज्जैनच्या मराठी मंडळींसाठी स्वतंत्र सोशल मीडिया काढला. नाव ठेवलं 'ओटा'. कुठल्या कंपनीचा नाही, जाहिरात नाही, वरून नजर ठेवणारं कोणी नाही. जगात असे हजारो ओटे आहेत म्हणे, ज्याचा त्याचा वेगळा, आणि एका ओट्यावरचा माणूस दुसऱ्या ओट्यावरच्याशी खुशाल बोलू शकतो.

"इथं लहान-मोठा कोणी नाही," तात्या सांगत. "प्रत्येकाला आवाज!"

आता प्रत्येकाला म्हणजे कोणाकोणाला, हे ठरवायला त्यांनी समाजाचं सभासद-रजिस्टर उघडलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला. त्या रजिस्टरात आजोबा-पणजोबांपासून एका घराचा एक सभासद. नावापुढे 'सहकुटुंब' असा शिक्का आणि घरच्या कर्त्या पुरुषाची सही. गणपतीचं बोलावणं त्या नावावर, कोजागिरीचं दूध त्या नावावर. तात्यांनी तोच नियम ओट्याला चिकटवला: एक घर, एक खातं. यात काही चुकतंय असं कोणाला वाटलं नाही. म्हणजे ज्यांना विचारलं, त्यांना वाटलं नाही.

सुमनला कोणी विचारलं नव्हतं. सुमन ही तात्यांची बायको, एक्केचाळीस वर्षांपासूनची. घरचं लाइटबिल, गॅसचा नंबर, मुलाशी व्हिडिओ कॉल, सगळं तिच्या फोनवरून चालायचं. फ्रिजवरच्या त्या डब्याची धूळसुद्धा तीच पुसायची. पण ओट्यावर तिचं खातं नव्हतं, कारण पोतनीसांचं होतं.

वर्षभर एकतीस सभासद एकमेकांना सुप्रभात म्हणत राहिले. मग पुण्याहून निहारिका नावाच्या संशोधक मुलीचं पत्र आलं. अशा बिनमालकी ओट्यांवर कोणकोणत्या तऱ्हेची माणसं राहतात, याचा ती अभ्यास करत होती. वय, बाई की पुरुष, भाषा, कामधंदा, सगळं लिहून पाठवायचं. ज्या ओट्यावर सगळ्यात जास्त तऱ्हा, त्याच्यावर ती सविस्तर लिहिणार होती. तात्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी टेचात फॉर्म भरला. एकूण एकतीस. पुरुष एकतीस. साठीच्या पुढचे तीस. निवृत्त तीस, आणि एक स्वेच्छानिवृत्त. 'विविधता' या रकान्यात त्यांनी लिहिलं: भरपूर, बँक, रेल्वे, शिक्षण आणि टेलिफोन.

निहारिकाचं उत्तर फार गोड होतं. "काका, छान! बायका कुठे आहेत?"

तात्या दोन दिवस घुम्यासारखे बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यावर जाहीर केलं: समाजाबाहेरच्या लोकांसाठी पाहुण्यांचं दार उघडत आहोत. रजिस्टर नंबर नको, टोपणनाव चालेल, कोणीही यावं.

"मग मी घेऊ का खातं?" सुमनने जेवताना विचारलं.

"तुझं आहे की! पोतनीस म्हणजे तू आलीसच त्यात. हे पाहुण्यांसाठी आहे, सुमन. तू काय पाहुणी आहेस का?"

सुमनने शुगरची गोळी पाण्याबरोबर गिळली. तिला राग आला होता, चांगलाच आला होता. दुपारी तात्या घोरायला लागल्यावर तिने फोन घेतला आणि पाच मिनिटांत ती पाहुणी झाली. नाव: मथुरा. काम: ई-रिक्षा चालवते. मुक्काम: नानाखेडा बसस्टँड. रिक्षाच का, तर नुकतीच ती एका बाईच्या रिक्षातून भाजी घेऊन आली होती, आणि त्या बाईने वाटेत एका दांडगट बसवाल्याला असं झापलं होतं की सुमनला उतरावंसंच वाटलं नव्हतं.

मथुराने पहिल्याच दिवशी लिहिलं: "माणसं मागे बसतात आणि पुढे कोण बसलंय ते विसरतात. घरचं सगळं बोलतात. उतरताना तोंड बघत नाहीत."

तात्यांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "वा, मथुराताई! काय निरीक्षण आहे! एवढ्या कष्टातून तुम्ही लिहिता, आम्ही धन्य झालो."

नवऱ्याने आपल्याला ताई म्हटलं, यावर हसावं की रडावं हे सुमनला कळेना. तिने प्रयोग म्हणून रात्री जेवताना तेच वाक्य तोंडाने म्हणून पाहिलं. "अहो, घरातही माणसं समोर कोण बसलंय ते विसरतात, नाही?" तात्या म्हणाले, "मीठ सरकव जरा."

झालं! त्या दिवसापासून सुमन घरात कमी बोलायला लागली आणि मथुरा जास्त. मथुरा लिहायची सिंहस्थासाठी खणलेल्या रस्त्यांबद्दल, एकट्याने देवदर्शनाला आलेल्या म्हाताऱ्यांबद्दल, परदेशी गेलेल्या मुलांच्या दोन मिनिटांच्या फोनबद्दल. तात्या प्रत्येकाला सविस्तर उत्तर द्यायचे. मुलगा परदेशी गेल्यापासून घर खायला उठतं, हे त्यांनी मथुराताईंना सांगितलं. सुमनने ते शेजारच्या खोलीत वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. अरे बाबा, मग मला का नाही सांगितलंस? मी काय परदेशी होते?

तोवर पाहुणे तेवीस झाले होते. महाकालच्या वाटेवरची फुलवाली, नर्स, मेंदी काढणारी मुलगी, बुलेट उडवणारा बावीस वर्षांचा कॉलेजकुमार. तात्या हरखून गेले होते. सुमन मात्र वाचता वाचता गालात हसायची. फुलवालीने अनारशांची कृती लिहिली, ती खसखशीच्या चिमटीसकट जयूवन्सांची, म्हणजे तात्यांच्याच बहिणीची. आणि तो बावीस वर्षांचा कॉलेजकुमार सकाळी पोट साफ व्हायचे तीन उपाय सांगायचा. हे भय्यासाहेब मुजुमदार, दुसरं कोण! वय अडुसष्ट, पण घरचं खातं थोरल्या भावाच्या नावावर. बिचाऱ्याला उभ्या जन्मात पहिल्यांदा कोणी 'काय म्हणतोस, भिया' असं दोस्तासारखं विचारत होतं. सुमनने कोणाचं पितळ उघडं पाडलं नाही. तिचं तरी कुठे सोनं होतं?

नवा फॉर्म पुण्याला गेला आणि निहारिका खूश झाली. ती स्वतःच भेटायला येते म्हणाली. रविवारी अकरा वाजता, माधव नगरच्या समाजाच्या हॉलमध्ये. सगळ्या पाहुण्यांना प्रत्यक्ष बघायचं होतं तिला. तात्यांनी ओट्यावर आमंत्रण टाकलं आणि मथुराताईंना वेगळा निरोप लिहिला: "तुम्ही पाच मिनिटं बोलायचंच. तुमच्यासारखं बोलणारं माणूस माझ्या आसपास कोणी नाही."

सुमनने ते वाचलं आणि फोन उशीखाली सारला. रविवारी मथुरा गेली नाही, तर तात्यांची चारचौघांत शोभा होणार. आणि गेली, तर मथुरा संपली. मग तात्यांशी बोलायला फक्त सुमन उरणार, आणि सुमनशी तर ते बोलत नव्हते. तीन रात्री तिने कूस बदलत काढल्या. शेजारी तात्या स्वप्नात भाषण देत होते.

रविवारी हॉलमध्ये डाव्या हाताला सभासदांच्या खुर्च्या, उजव्या हाताला पाहुण्यांच्या. पाहुण्यांच्या प्रत्येक खुर्चीवर तात्यांनी स्वतःच्या सुबक अक्षरात नावाची चिठ्ठी लावली होती. पहिल्या रांगेत पहिली: मथुराताई. अकराला डावी बाजू भरली. उजवीकडे शुकशुकाट. बायका मागे पोहे-जिलबीच्या टेबलाशी उभ्या होत्या, एकमेकींकडे न बघता शेव मोजून घातल्यासारखी घालत होत्या. निहारिका वही घेऊन बसली होती. तात्यांच्या फाटकाशी चार फेऱ्या झाल्या.

साडेअकराला मुजुमदारांचे थोरले म्हणाले, "तात्या, सब फर्जी खाती असतील. तुला कोणीतरी मामा बनवलाय."

डावीकडे खसखस पिकली. भय्यासाहेब तेवढे भावाशेजारी मान खाली घालून बसले होते. तात्यांचा चेहरा पडला, पण आवाज चढला. "बाकीच्यांचं मला माहीत नाही. मथुराताई खोटी निघाली तर मिशी उतरवून ठेवीन इथं. रोज बोलतो मी तिच्याशी. मला माणूस कळत नाही का?"

सुमनला राहवलं नाही. हातातला डाव तसाच ठेवून ती पुढे आली. "अहो, मी आलेय."

"दिसतंय ना. तू पोहे गरम ठेव, ते लोक येतीलच."

हॉलच्या मधोमध उभं राहून सुमनने त्यांच्याकडे पाहिलं. यापेक्षा स्पष्ट काय सांगायचं माणसाने, पाटी लावून फिरायचं? ती मागे गेली, दाराला टेकली आणि फोनवर टाइप केलं. तात्यांच्या खिशात टिंग झालं.

"आली!" तात्या ओरडले आणि सगळ्यांना वाचून दाखवलं, "'मी आलेय. दाराजवळ उभी आहे.' बघा, मी म्हणत नव्हतो!" ते लगालगा दाराशी आले. "सरक जरा," ते सुमनला म्हणाले, तिच्या बाजूने बाहेर पडले आणि रस्त्यावर जाऊन दोन्हीकडे बघायला लागले. एक ई-रिक्षा थांबली होती. आत वाकून त्यांनी विचारलं, "मथुराताई?" मिशाळ रिक्षावाला म्हणाला, "कहाँ जाना है, बाबूजी?"

आत निहारिका सुमनच्या हातातल्या फोनकडे बघत होती. पोरगी हुशार. ती उठली आणि हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही उभ्या का? बसा ना तुमच्या खुर्चीवर."

सुमनने पदराला हात पुसले आणि पहिल्या रांगेतली पहिली चिठ्ठी उचलून ती बसली. मग जयूवन्सं पुढे आल्या आणि फुलवालीच्या खुर्चीवर बसल्या. मग नर्स आली, म्हणजे यादीतल्या त्या एकुलत्या स्वेच्छानिवृत्ताची, प्रसाद फणशांची, बायको अपर्णा. मग एकामागून एक. शेवटी डावीकडून भय्यासाहेब उठले, थोरल्यांकडे न बघता मधली वाट ओलांडून आले आणि कॉलेजकुमाराच्या जागी गुडघे धरत बसले. दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ती दोन माणसं कदाचित खरंच बाहेरची असतील.

"उशीर होतोय वाटतं तिला," असं म्हणत तात्या आत आले आणि दारातच थबकले. त्यांनी भरलेल्या खुर्च्या पाहिल्या. आपली बहीण पाहिली. मग पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"तू?" ते म्हणाले. "आणि रिक्षा?"

"रोज बसते," सुमन म्हणाली. "मागे."

थोरल्या मुजुमदारांना आता जोर चढला. "तात्या, मिशीचं काय?"

तात्यांचा हात खरंच मिशीकडे गेला. सुमन उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मिशी राहू दे. रिक्षा खोटी होती. मथुरा बोलली ते सगळं खरं होतं." तिला पाच मिनिटं दिली होती, त्यातलं तिने एवढंच वापरलं आणि खाली बसली.

निहारिकाने प्रत्येकापाशी जाऊन फॉर्म नव्याने भरला. वय: पन्नासच्या पुढे, जवळजवळ सगळेच. भाषा: मराठी. मुक्काम: माधव नगर, माधव नगर, माधव नगर. आडनावं तीच, आधीच्या यादीतली. "काका, घरं तेवढीच आहेत," ती तात्यांना म्हणाली, "पण आता त्यांत माणसं दिसतायत. मी यावरच लिहिते." तात्यांनी मान डोलावली. त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे. पोहे गार झाले होते, तरी लोकांनी खाल्ले.

घरी येताना रिक्षात दोघं शेजारी बसली. दुपारी तात्या झोपले नाहीत. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून त्यांनी फोनवर मथुराताईंचं सगळं लिखाण पहिल्यापासून वाचायला घेतलं. सुमनला आतून खुर्चीची करकर ऐकू येत होती. आता हे खातं बंद करतील, तिला वाटलं. तिचा जीव थोडा थोडा झाला.

पाचच्या सुमारास खुर्ची सरकली. स्वयंपाकघरात भांड्यांची आदळआपट झाली, गॅस पेटवायचे दोन-तीन प्रयत्न झाले. मग सुमनचा फोन वाजला. मथुराच्या नावे निरोप होता. ताई हा शब्द तेवढा गाळला होता.

"चहा टाकला आहे. तुम्ही साखर किती घेता?"

एक्केचाळीस वर्षं! सुमन ओरडून उत्तर द्यायला दारापर्यंत गेली, आणि थांबली. ओरडून सांगितलेलं या घरात कधी पोहोचलं नव्हतं. ती पलंगावर बसली आणि तिने टाइप केलं: "सहा वर्षं झाली, बंद आहे."

स्वयंपाकघरात टिंग झालं. मग साखरेच्या डब्याचं झाकण लागलं.