टाळूवरची प्लेट

बेरिल हॅडोच्या तोंडात परक्या माणसांचे दात होते, आणि तिला त्याचं भारी कौतुक होतं. अख्खे दात नव्हेत. मेलबर्नच्या एका दंतमहाविद्यालयात कुणाकुणाच्या उपटलेल्या अक्कलदाढांचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, तांदळाच्या कणीएवढं कापायचे, आम्लात बुडवून मुद्दाम कच्चं करायचे आणि टाळूला बसणाऱ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये जडवायचे. मग प्रयोगासाठी नाव दिलेल्या बेरिलसारख्यांनी ती प्लेट लावून दुधातल्या प्रथिनाचं च्युइंगम चघळायचं. ते प्रथिन कच्च्या जागी खनिजं नेऊन पोचवतं आणि झीज भरते. किती भरली, ते नंतर प्रयोगशाळेत मोजायचे.

"उभा जन्म गाई पिळल्या, तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं," बेरिल तिथल्या थुईला म्हणायची. "आता तेच दूध चघळायला बोलावणं येतंय बघ!" प्लेटा बदलून देणारी ही तरुण मुलगी दर वेळी तितकीच हसायची.

कॉब्डन गावाजवळची डेअरी बेरिलने नवरा रॉन गेल्यावर विकली. मुलगी केरिन मेलबर्नमध्ये कोबर्गला राहायची, म्हणून बेरिलनेही तिथेच दोन खोल्यांचं घर घेतलं. सामान लागतंय न लागतंय तोच जावयाला खाणीत नोकरी लागली आणि केरिन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पर्थला गेली. यात चूक कुणाचीच नव्हती, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. गायसुद्धा नवीन गोठ्यात आली की चार दिवस हंबरते. बेरिलला तेही शोभलं नसतं.

प्रयोगाच्या दोन फेऱ्या होत्या. दुसऱ्या फेरीतही आपल्याला ठेवावं, एवढंच तिला हवं होतं. तिची वाट बघत कुणी बसलंय, असं ठिकाण आता तेवढंच उरलं होतं.

पहिल्या फेरीचा निकाल लागला त्या दिवशी थुईने दार लोटून घेतलं.

"बेरिल, तुमचे तुकडे सगळ्यांपेक्षा जास्त भरलेत."

"भरणारच! गवळणीच्या तोंडात गेलेत ते."

"अहो, पण इतके भरूच शकत नाहीत. प्लेट फक्त च्युइंगमच्या वेळी आणि नंतर थोडा वेळ लावायची होती. तुम्ही कधी काढायचात?"

"जेवताना. चहा पिताना. झोपताना."

"आणि बाकी दिवसभर तोंडातच?"

बेरिल पिशवीच्या चेनशी चाळा करत बसली.

"दिवसभर नुसती लाळ लागली तरी दात भरतो हो," थुई म्हणाली. "आता च्युइंगमने किती भरला ते कसं कळायचं? तुमचे आकडे बाद करावे लागतील."

"विसरले असेन गं. वय झालं."

"तसं लिहिलं तर दुसऱ्या फेरीत घेता येणार नाही. सूचना लक्षात राहत नाहीत असं होईल ते. दुसरं काही कारण असेल तर सांगा ना. बाकीचे तर वैतागतात, बोबडं बोलायला होतं म्हणून. वेळ संपली की आधी काढून ठेवतात. तुम्हाला बोलताना अडचण नाही आली?"

भर पावसात, खांद्यापर्यंत हात घालून अडलेली वासरं ओढून काढताना बेरिलने कधी शेजाऱ्याला हाक मारली नव्हती. आता दोन शब्द बोलणं तिच्या अगदी जिवावर आलं. पण नाही बोलली तर ही खोलीही गेली असती.

"बोलायचं कुणाशी, पोरी?"

थुईने कागदावर 'सूचना नीट समजली नाही' असं लिहिलं आणि नवी प्लेट पुढे केली. "न समजलेलं पुन्हा समजावता येतं. ठेवतेय मी तुम्हाला. पण या खेपेला वेळ संपली की काढायची हं."

बेरिल जिंकली होती. घरी आल्यावर तिने शहाण्यासारखं च्युइंगम चघळलं, वेळ झाल्यावर प्लेट काढून डबीत ठेवली आणि खुर्चीत बसली. दुपार तशीच पडून होती. इतके दिवस घर गप्प असलं की तिला वाटायचं, तोंडात प्लेट आहे, बोलणार कसं? केरिनचा फोन आला तरी त्याच सबबीवर ती दोन वाक्यांत आटपायची. आता ती सबब डबीत होती. तिने आपण होऊन पर्थला फोन लावला.

"मम्मी? अगं, प्लेट असेल ना तोंडात? राहू दे, उगाच त्रास नको. रविवारी करते मी."

"काढून ठेवलीय."

"हो का?" तिकडे टीव्ही चालू होता. "मग बोल ना."

बेरिलने तोंड उघडलं. गाई विकल्या होत्या. रॉन नव्हता. थुईशी काय बोलणं झालं, ते हिला सांगण्यासारखं नव्हतं.

"हवा बरी आहे इकडे," ती म्हणाली.

"इकडे पण," केरिन म्हणाली, आणि मग दोघीही समोरची काही बोलेल म्हणून फोन कानाला लावून थांबल्या.