पाळण्यातला वरवंटा

सुभद्राबाईंनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढून बाहेर काढली, तिच्यामागे हात घालून चाचपलं आणि कपाळाला हात लावला.

"पाटा आहे. वरवंटा नाही."

"नीट बघ ना आई," त्यांची मुलगी सीमा पाळण्याला झेंडूची माळ बांधता बांधता म्हणाली. आत्या म्हणून आज तिचाच मान होता, त्यामुळे ती सकाळपासून हवेत होती. "इथेच असेल कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे? लुगड्यात बांधलेलं गाठोडं होतं. त्याला काय पाय फुटले?"

साडेतीन वाजले होते आणि बारसं पाचला. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमधलं करी रोडचं हे घर, बावीस मजले वर, पण आत जेमतेम तीनशे फूट. या घरात वस्तू हरवायची म्हटली तरी जागा नव्हती. तरी वरवंटा हरवला होता आणि त्याच्याशिवाय नात पाळण्यात घालणार नाही, असं सुभद्राबाईंनी सांगून टाकलं होतं. बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालायचं, काजळ लावायचं, बाळासारखं पाळण्याच्या खालून-वरून या हातातून त्या हातात द्यायचं. तो थोरला भाऊ. त्याच्यामागून बाळ निजवायचं, म्हणजे ते त्याच्यासारखं टणक होतं.

"अगं, पण दगडच हवा ना?" बाळाचा बाप, वैभव म्हणाला. "खाली गटाराचं काम चाललंय, ढीग पडलाय नुसता. एक उचलून आणतो."

"आण! आणि तुझ्याच डोक्यात घाल," सुभद्राबाई कडाडल्या. "रस्त्यावरचा धोंडा आणि घरचा वरवंटा एक? तुझ्या आजीच्या सासूचा आहे तो. तुझ्या बारशाला त्यालाच निजवला होता. चाळ सोडताना तू म्हणालास, टाकून दे. मी टॅक्सीत मांडीवर घेऊन आले त्याला, माहितीये ना?"

समोरच्या दारातली कौसल्या एवढ्यात आपल्या खलबत्त्यातला बत्ता घेऊन आली. ती इथे राहायला आली त्याला वर्षच झालं होतं, पण प्रत्येक घरच्या कार्यात ती घरचीच असायची.

"हा घ्या, मावशी. पितळेचा नाही, दगडीच आहे. चालेल?"

सुभद्राबाईंनी बत्ता हातात घेऊन बघितला. "बत्ता उभा राहणारा, गो. तो निजायचा कसा?"

सगळे हसले. भिंतीला टेकून बाळाला पाजत बसलेली प्राची मात्र हसली नाही. पदराआड मान घालून ती बाळाच्या पायाची बोटं मोजत होती. पाच झाली की पुन्हा एकपासून.

"पहिलीच ना गं तुझी?" कौसल्या तिच्याशेजारी टेकली. "पहिल्या वेळी असंच होतं. सगळ्यांची गडबड आणि आपल्याला काही सुचत नाही."

"हं," प्राची म्हणाली.

गेला दीड महिना हा प्रश्न येत होता आणि दर वेळी तिने असंच 'हं' केलं होतं. नर्सला, इंजेक्शन देणाऱ्या बाईला, लिफ्टमनच्या बायकोला. शुभ दिवस, शुभ घर, कोण कशाला सांगेल? आणि घरात तर कोणी पहिल्याचं नावच काढत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मुलगा झाला होता, नऊ दिवस काचेच्या पेटीत होता आणि गेला. त्यानंतर वैभवने एकदाही विषय काढला नाही. सासूने तर नाहीच नाही. जणू तो झालाच नव्हता.

वरवंटा कुठे आहे, ते फक्त प्राचीला ठाऊक होतं.

सकाळी सासू फुलं आणायला लालबागला गेली, तेव्हा तिने खाटेखालून ते गाठोडं ओढलं, न सोडता तसंच उचललं आणि वॉशिंग मशीनमध्ये मळक्या दुपट्यांच्या खाली दडवलं. दुसरं काही तिला सुचलं नव्हतं. त्या वेळी नवव्या दिवशी ती रिकाम्या हातांनी घरी आली, तेव्हा या खोलीत पाळणा टांगलेला होता. डॉक्टर उद्या-परवा सोडतील म्हणाले होते, म्हणून सासूने तयारी करून ठेवली होती आणि रिकामा पाळणा टांगून ठेवू नये म्हणून आत वरवंटा निजवला होता. काजळ लावून, पिवळं टोपडं घालून. प्राचीने आत डोकावून बघितलं होतं. ते तिला पुन्हा बघायचं नव्हतं, बस्स. बाळाच्या जागी दगड, हे या जन्मात पुन्हा नको.

"वहिनी, बाळाची दुपटी पडलीत तेवढी लावून टाकू का मशीनला?" सीमाने आतून विचारलं. "पाहुणे यायच्या आत निघतील."

"नको!"

प्राची एवढ्या जोरात ओरडली की बाळ दूध सोडून रडायला लागलं.

सुभद्राबाईंनी सुनेकडे बघितलं, मग मोरीच्या बाजूला उभ्या असलेल्या मशीनकडे. बाई गिरणगावात चाळीस वर्षं संसार केलेली होती, तिला फार सांगावं लागत नसे.

"सीमा, तू आणि वैभव खाली जा. पाहुण्यांना लिफ्ट सापडत नाही दर वेळी. कौसल्ये, पोरीला जरा घे, बाहेर पॅसेजमध्ये फिरव. प्राची, तू ये इकडे."

घर रिकामं झालं. सुभद्राबाईंनी मशीनचं झाकण उघडलं, दुपटी बाजूला सारली आणि दोन्ही हातांनी गाठोडं वर काढलं. प्राची दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आता बोलणी बसणार, बसू देत, असं मनाशी म्हणत होती.

"आई, तुम्ही मला काहीही बोला. पण तो पाळण्यात नको. मला नाही बघवणार."

सुभद्राबाई मोरीच्या कट्ट्यावर बसल्या, गाठोडं मांडीवर घेतलं आणि गाठ सोडायला लागल्या. गाठ घट्ट होती, नखांनी सुटेना. शेवटी दातांनी सोडवली.

लुगड्याच्या आत वरवंटा होता. त्याच्या डोक्यावर पिवळं टोपडं होतं, हनुवटीखाली बंद बांधलेले. काजळाची तीट फिसकटली होती, पण होती.

"काढवलं नाही गो माझ्याच्याने," त्या म्हणाल्या. "तू आत जाऊन पडलीस, वैभव तिकडे गॅलरीत. मी पाळणा उतरवला. म्हटलं टोपडं काढावं, याला धुवावा, पाट्याजवळ ठेवावा. हातच चालेना. तसाच बांधला आणि ठेवून दिला."

प्राची खाली बसली.

"पण तुम्ही तर म्हणायचात, मनगट दुखतं. म्हणून मिक्सरवर वाटायचं."

"मग काय सांगणार होते? याच्याने मी खोबरं वाटू?" सुभद्राबाईंचा आवाज फाटला. "आमच्याकडे मिक्सरच्या चटणीला कुत्रं विचारत नाही, आणि दोन वर्षं गिळतेय मी ती!"

प्राचीला हसू फुटलं आणि त्याच्यामागोमाग रडूही. दोन वर्षं तिला वाटत होतं की या घरात त्याची आठवण एकटी तीच वाहतेय. सासूच्या खांद्यावर डोकं टेकून ती मोकळेपणी रडली. छातीवरचं ओझं उतरलं, असं तिला खरोखर वाटलं. सुभद्राबाई एका हाताने तिला थोपटत होत्या, दुसऱ्या हाताने मांडीवरचा वरवंटा घसरू नये म्हणून धरून होत्या.

"नको असेल तर नको निजवू," त्या शेवटी म्हणाल्या. "बायकांना सांगू, सापडला नाही."

प्राचीने पदराने तोंड पुसलं. मग पदराचं टोक ओलं करून वरवंट्याच्या कपाळावरची फिसकटलेली तीट पुसली.

"काजळ कुठाय?" तिने विचारलं.

पाचाचं बारसं सहाला लागलं. सीमाने दुसरं, नवं लाल टोपडं आणून ठेवलं होतं. "हे काय जुनंपानं घातलंय याला?" ती म्हणाली.

"असू दे तेच," प्राची म्हणाली.

वरवंटा पाळण्याखालून आला, वरून गेला. बायका त्याला खेळवत होत्या, "काय जड आहे गं थोरला, काय खातो?" म्हणत होत्या. प्राचीच्या हातात आला तेव्हा तिने तो लगेच पुढे दिला नाही. छातीशी धरला, तोंड त्याच्या टोपड्याशी नेलं आणि हळूच म्हणाली, "अभय."

शेजारी उभ्या सीमाला तेवढं ऐकू गेलं. दोन वर्षांपूर्वी ते नाव तिनेच निवडलं होतं. तिने घाईघाईने डोळे पुसले आणि बाळाच्या कानात या वेळचं नाव सांगितलं. स्पृहा. पाठीवर बायकांचे धपके बसले ते तिला कळलेही नाहीत.

घुगऱ्या वाटून झाल्या, बायका पेढे खात गप्पा मारत बसल्या. सुभद्राबाईंनी टोपडं सोडून घडी करून पेटीत ठेवलं, वरवंटा धुतला आणि कुणाचं न ऐकता पाटा मांडून खोबरं वाटायला बसल्या. रात्रीच्या आंबोळ्यांना चटणी हवी होती.

कौसल्या आपल्या भावजयीला सांगत होती, "पहिलीच आहे हिची. पण बघ, कशी सवयीची वाटते."

"दुसरी," प्राची म्हणाली.

"अगं, मग मोठं कुठाय?" कौसल्याने इकडेतिकडे बघितलं.

"मुलगा होता. नऊ दिवसांचा होऊन गेला."

दारात उभा वैभव आत आला आणि तिच्याशेजारी येऊन बसला. आतून येणारा पाट्याचा आवाज क्षणभर थांबला. मग सुभद्राबाईंनी खोबऱ्यावर पाण्याचा हबका मारला आणि पुन्हा वाटायला घेतलं.