बाकड्याची उंची

मोठी काही जन्मापासून मोठी नव्हती. सोळा वर्षं ती घरात एकुलती एक होती आणि आईबाबा तिला नुसतं बाळ म्हणत. मग काकांची बदली झाली, शाळेचं वर्ष मध्येच तुटू नये म्हणून त्यांची मुलगी बॅग घेऊन राहायला आली, आणि हाक मारताना घोळ नको म्हणून आईने एकीला मोठी केलं, दुसरीला धाकटी. अंतर अवघं आठ महिन्यांचं. पण धाकटी म्हटलं की लाड आले आणि मोठी म्हटलं की समजूतदारपणा आला. ही वाटणी करताना मोठीला कुणी विचारलं नव्हतं.

तेही तिने कसंबसं पोटात घातलं असतं. पण बाबा! बाबा सुतार, घराला लागूनच त्यांचा कारखाना. धाकटीला आल्या आल्या लाकडाचं वेड लागलं, आणि रोज संध्याकाळी बाबा तिच्या खांद्याशी उभे राहू लागले. ती करवत धरणार, बाबा पाहणार. ती खूण करणार, बाबा टेप काढून तीच खूण तपासणार. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोठीला एकाच टेपवर वाकलेली दोन डोकी दिसत आणि तिच्या अंगाचा तिळपापड होई. तिच्या वेळी बाबा काय करायचे? "हे एवढं मोजून ठेव गं," म्हणायचे आणि खुशाल चहा प्यायला निघून जायचे. पुन्हा फिरकायचेसुद्धा नाहीत.

त्यातच वाचनालयातल्या मुलामुलींच्या गटाची बैठक आली. सुट्टीत लोकांच्या उपयोगाचं एक काम करायचं, ते कोणतं ते ठरवायचं होतं. ग्रंथपालबाई खडू घेऊन फळ्याशी उभ्या होत्या. कुणी म्हणालं झाडं लावू, कुणी म्हणालं भिंती रंगवू. "मागच्या वर्षीची झाडं कुठे आहेत ते आधी दाखवा," बाई म्हणाल्या, तेव्हा सगळे छताकडे पाहू लागले.

आणि धाकटी उठली. म्हणाली, "दवाखान्याच्या चढावर म्हातारी माणसं धाप लागून फुटपाथच्या कडेला बसतात. तिथे तीन बाकडी ठेवू या. शाळेची मोडकी डेस्कं पडून आहेत, त्यांचं लाकूड मिळेल. आमचे सुतार काका शिकवतील." मग हसून पुढे म्हणाली, "हे आमच्या ताईलाच सुचलंय हं. परवा जेवताना तीच म्हणाली होती."

खरंच म्हणाली होती. पण जेवताना म्हणणं वेगळं आणि बैठकीत उठून म्हणणं वेगळं. टाळ्या धाकटीला पडल्या, खडूने फळ्यावर नाव धाकटीचं लागलं, प्रमुख म्हणून. तिने श्रेय लाटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. हिने तर सगळ्यांसमोर ते परत केलं, उरलेली भाजी शेजारी द्यावी तसं. मोठी चेहरा हसरा ठेवून बसली आणि आतून नुसती जळत राहिली.

मोजमापाचं काम बाबांनी मोठीला दिलं. बाबांची एक पद्धत होती. कुणाचंही बसायचं सामान करताना ते आधी त्या माणसाचा पाय मोजत, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत. आणि माणूस म्हातारा असेल तर वर दोन बोटं वाढवत. "बसायला कुणालाही जमतं," ते म्हणत, "उठता आलं पाहिजे." आता चढावरून रोज जाणारे तीस जण मोजायचे, मधला आकडा काढायचा आणि त्यावर बाबा दोन बोटं धरणार, असं ठरलं.

मोठी दोन दिवस दवाखान्यात बसली. आज्यांच्या चपला सरळ केल्या, आजोबांच्या पायांशी वाकली, चोख मापं घेतली. तिसऱ्या दिवशी ती वहीतून कागदावर उतरवायला बसली, तेव्हा खिडकीतून धाकटीचं हसू ऐकू आलं, त्यामागून बाबांचं. बाबा इतके मोकळे कधी हसले होते तिच्याबरोबर? तिने पहिला आकडा लिहिला आणि सात सेंटिमीटर कमी लिहिला. दुसराही तसाच. तीसच्या तीसही तसेच. होऊ दे प्रमुखबाईंची जरा फजिती. फार काय होणार आहे, बाकडं जरा बुटकं होईल, एवढंच.

आठवड्याने पहिलं बाकडं तयार झालं. उरलेली दोन करण्याआधी ते बसून पाहायचं, म्हणून सगळा गट कारखान्याच्या अंगणात जमला. बसायचा मान पोस्टमन आजोबांचा होता. चाळीस वर्षं या माणसाने सगळं गाव पायी पालथं घातलं होतं. आता काठी होती, पण ताठा तोच होता. ते ऐटीत बसले. खाली, आणखी खाली.

"वा, पाटच की," ते म्हणाले आणि उठायला गेले.

उठता येईना. त्यांनी काठी रोवली, गुडघे थरथरले, पुन्हा बसले. मुलं हसली, तेही हसले. दुसऱ्यांदा मुलं जरा कमी हसली. तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा लाल झाला आणि कुणीच हसलं नाही. बाबांनी एका बाजूने आणि ग्रंथपालबाईंनी दुसऱ्या बाजूने काखेत हात घालून त्यांना उभं केलं. आजोबा कुणाकडे न बघता सदरा झटकत राहिले, जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ.

"माझंच चुकलं," धाकटी रडवेली होऊन म्हणाली. "कापताना मीच काहीतरी घोळ घातला असणार. माझं एक माप कधी बरोबर येत नाही. म्हणून तर काका रोज माझ्या मानगुटीवर उभे असतात, सगळं दोनदा मोजतात."

"तू कापलेलं मी तपासलंय," बाबा म्हणाले. "कागदाप्रमाणेच आहे."

"मग कागद! मी म्हटलं होतं ना काका, ही मापं फार कमी वाटतात, पुन्हा मोजून येऊ या? तुम्हीच नको म्हणालात."

"मोठीने मोजलं होतं," बाबा म्हणाले, जणू यापुढे सांगण्यासारखं काही नव्हतंच. "तिचं माप मी कधी पुन्हा घेत नाही."

इतके दिवस खिडकीतून पाहून ती ज्याचा हेवा करत होती, तो बाबांचा अविश्वास होता. आणि ज्याला ती दुर्लक्ष समजत होती, तो विश्वास होता, तिच्या एकटीच्या वाट्याचा.

गप्प बसता आलं असतं. धाकटीने चूक अंगावर घेतलीच होती, मोठीने नुसते मूग गिळायचे होते. पण आजोबा अजून सदरा झटकत होते.

"मी खोटे आकडे लिहिले," ती म्हणाली. "प्रत्येकात सात कमी. मुद्दाम."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "खरी मापं कुठे आहेत?"

"वहीत आहेत बाबा. ती अगदी बरोबर आहेत. शपथ."

"असू दे. उद्या परत मोजू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या बाकावर पोस्टमन आजोबा पहिले बसले होते. काल काही झालंच नाही अशा थाटात त्यांनी पाय पुढे केला. मोठी खाली वाकली, टेप लावला, दोनदा पाहिलं.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली.

बाबा तिच्या खांद्याशी उभे होते. इतके महिने तिला हवे होते तसे, अगदी जवळ. ते गुडघा धरून हळूहळू खाली बसले, खिशातून आपला टेप काढला आणि तेच माप पुन्हा घेतलं.

"चव्वेचाळीस," बाबा म्हणाले. "लिही."