कुडाच्या फटी

"याला काय घर म्हणायचं? नुसती चाळण!" इंदुबाई करवादली. नवरा नागोराव तारापूरच्या वीज प्रकल्पाच्या बांधकामावर लागला, म्हणून दोघं परभणीहून बोईसरला आली होती. भाड्याची झोपडी कारवीच्या कुडाची. पौषातला वारा फटींतून थेट अंथरुणात शिरायचा.

इंदुबाईनं शेणमाती कालवली आणि कूड पार आढ्यापर्यंत लिंपून काढला. एक फट ठेवली नाही.

घरमालकीण पारू दारात थबकली. "बाय, आमी फटी मुद्दाम ठेवतो. आता धूर कुठनं जाल?"

"कोळशाची शेगडी आहे माझी. निखारे फुलले की कसला धूर? आमच्याकडच्या भिंती बघितल्यात का कधी?"

संध्याकाळी घर पहिल्यांदाच उबदार झालं. नागोरावाचं डोकं जड झालं होतं.

"दमलात तुम्ही, पडा," म्हणत इंदुबाईनं आपला कोंबडा घरातच डालग्याखाली झाकला, शेगडी उशाशी ओढली आणि दाराला आतून कडी घातली.

सकाळी आसपासचे सगळे कोंबडे आरवले. इंदुबाईचा आरवला नाही.

पारूनं दार वाजवलं, हाका मारल्या. मग कोयता उचलून तिनं लिंपलेल्या कुडावर घाव घातला. ढेकळं आत कोसळली.

एवढा कूड फोडला, तरी इंदुबाई भांडायला उठली नाही.