मेल गिळणारा जिन

त्या दुपारी बुरुल एजेच्या कारखान्याच्या दाराशी इतके जोडे पडले होते, की मला आधी वाटलं कोणीतरी गेलं. आत डोकावले तर सगळी आळी एका कॉम्प्युटरसमोर गुडघे टेकून बसलेली. शिरडाक, म्हणजे नमद्याचे गालिचे, शिवणाऱ्या बायका होत्या, त्यांच्या सासवा होत्या, समोरचा खाटीकसुद्धा दुकान टाकून आला होता. मधोमध भूतखेत उतरवणारा एसेनकुल बक्शी आर्चाच्या झाडाची पेटती फांदी पडद्यासमोर ओवाळत होता. धुरानं सगळ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ज्याला त्याला वाटत होतं, शेजारच्याला भक्तीचं भरतं आलंय.

"तारेतून आलेल्या, ऐक!" बक्शी गरजला. "कबरस्तानाखालून आलास, कबरस्तानाखालून परत जा! इंटरनेटची वाट सोड! गिळलेलं ओक!"

इंटरनेटची तार आमच्या कबरस्तानाखालून नेली आहे, जिन त्याच वाटेनं यंत्रात शिरला असं त्याचं म्हणणं. बराच वेळ काही नाही. बक्शीनं फांदी बदलली, सूर बदलला, घसा खाकरला. आणि कॉम्प्युटर वाजला, टिंग!

"आला! मेल आला!" बुरुल एजे रडायलाच लागली. कोणी तोंडावरून हात फिरवले, कोणी बक्शीच्या बाहीला हात लावला. पोस्टमनला त्याच्या उभ्या हयातीत असं स्वागत लाभलं नसेल.

बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, या कारखान्याची प्रमुख. माणूस सोन्यासारखं, पण कान हलके. परदेशातली हॉटेलं शिरडाक मागवतात ती मेलवर. वसंतात एका हॉटेलनं सगळ्या खोल्यांसाठी गालिचे मागितले आणि तेव्हापासून मेल नाहीसे व्हायला लागले. संध्याकाळी पेटी भरलेली असायची, सकाळी साफ! हॉटेलवाल्यांचा फोन आला, लिहून लिहून थकलो, उत्तर का देत नाही? उत्तर देणार कसं? काय विचारलं होतं तेच गायब.

बक्शीचा मान राखून मी दाराशीच बसले. आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे धूर दिसला की मला आधी खिडकी उघडावीशी वाटते.

"हा जिन साधा नाही," बक्शी चहाचा घोट घेत सांगू लागला. "परदेशी आहे. त्याला आपली भाषा उशिरा कळते. म्हणून एका मेंढीच्या बळीवर भागलं नाही. आणि नुसता जिनही नाही. त्याला आत घेणारं कोणीतरी याच घरात आहे."

"कोण?" बुरुल एजेनं विचारलं.

"मी कशाला नाव घेऊ? या खुर्चीवर रोज बसतं कोण? कोणाच्या घरात सुतक शिरलं आणि निघालंच नाही?"

सगळ्या माना एकदम वळल्या. कोपऱ्यात जिपार उभी होती, हातात चहाची किटली. हिवाळ्यात घाटात ट्रक उलटून तिचा नवरा गेला. पदरात लहान मुलगी. दोन दिवसांच्या शिकवणीवर ती कॉम्प्युटर चालवायला शिकली होती आणि त्यावरच तिचं घर चाललं होतं.

"पांढऱ्या पायाची आहे, मी तेव्हाच म्हटलं होतं," एक सासू पुटपुटली. पुटपुटली म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच बेतानं.

"जिपार," बुरुल एजे खाली बघत म्हणाली, "पोरी, मला तुझं वाईट नाही करायचं. पण इथं एवढ्या बायकांचं पोट आहे. उद्यापासून तू येऊ नकोस."

जिपारनं किटली खाली ठेवली. मला असा संताप आला की गुडघेदुखी विसरून मी ताडकन उठले.

"बुरुल, उद्या यायचं नाही ना तिनं? मग आज अजून आहे. जिपार, तू संध्याकाळपासून सकाळपर्यंत या यंत्राचं काय करतेस, ते मला करून दाखव."

"उमसुनाय अपा, हे विज्ञान नव्हे," बक्शी मला गोड हसून म्हणाला. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे अपा म्हणतात.

"म्हणूनच तुम्ही बसा, चहा घ्या. मी शिकवलेलं कोणाला कळत नाही याची मला सवय आहे."

जिपार पुढे झाली. "मेल वाचते, अपा. शेवटचा वाचून झाला की तसाच ठेवते."

"बंद नाही करत?"

"बंद कसा करायचा?" बुरुल एजेच मध्ये बोलली. "मेल रात्रीबेरात्री परदेशातून येतो. एवढ्या लांबून आलेला पाहुणा आणि आपण दार लावून घ्यायचं? आमच्या घरात असं कधी झालं नाही."

मेल यंत्रात येण्याआधी दुसरीकडे मुक्काम करतो, दार बंद दिसलं तरी सकाळपर्यंत थांबतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पाहुण्याला परत पाठवू नये एवढंच तिला ठाऊक होतं. मी वाद घातला नाही.

"मग?"

"मग झाकते." जिपारनं कशिद्याचं मोठं कापड उचललं. चांगली वस्तू उघडी ठेवली तर दृष्ट लागते, आमच्याकडे शिवणयंत्रसुद्धा झाकून ठेवतात. "आणि दारातून वारा येतो, कापड उडतं, म्हणून वर हा ताईत ठेवते. इथं, पुढच्या बाजूला."

ताईत म्हणजे कातड्यात शिवलेला, मुठीएवढा, धोंड्यासारखा जड. मी तो तळहातावर तोलला. "हा कधीचा?"

"मोठी ऑर्डर आली तेव्हाचा," बुरुल एजे म्हणाली. "दृष्ट लागू नये म्हणून बक्शींनीच दिला. मग मेल जायला लागले, तेव्हा आधीचा कमी पडतोय म्हणून हा आणखी जड करून दिला."

"म्हणजे ताईत आला आणि मेल जायला लागले. ताईत जड झाला आणि?"

"आणि जास्तच जायला लागले," जिपार हळूच म्हणाली आणि माझ्याकडे बघतच राहिली. वर्गात एखाद्या मुलाच्या डोळ्यांत असा प्रकाश पडताना पाहण्यासाठीच मी इतकी वर्षं खडू झिजवला.

"पडदा उघडा राहू दे," मी म्हटलं. "कापड फक्त बटणांवर घाल. आता रोजच्यासारखा ठेव ताईत."

तिनं ठेवला. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मघापासून येऊन पडलेल्या मेलच्या ओळी एकामागून एक नाहीशा व्हायला लागल्या. जणू कोणी अदृश्य जिभेनं ताट चाटत होतं. बायका किंचाळल्या, खाटीक दाराकडे सरकला.

"पाहिलंत?" बक्शी उभा राहिला. "जिन! दिवसाढवळ्या!"

मी ताईत उचलला. ओळी थांबल्या. ठेवला, पुन्हा निघाल्या. उचलला, थांबल्या.

"फारच आज्ञाधारक जिन आहे हो तुमचा," मी म्हटलं. "माझ्या वर्गातली मुलं इतकी ऐकत नसत. जिपार, कापड काढ. ताईताखाली कोणतं बटण आलं ते बघ, आणि ते काय करतं ते शोध."

तिनं मेलमधली बटणांच्या कामांची यादी उघडून शोधलं. थोड्या वेळानं बोट थांबलं. "अपा, हे बटण दाबलं की समोरचा मेल जुन्या मेलच्या पेटाऱ्यात जातो. दाबून धरलं की पाठोपाठचे सगळे जातात. मी कचऱ्यात शोधले, नकोशा मेलमध्ये शोधले, पण इथं एक पेटारा मिटून ठेवलाय हे मला माहीतच नव्हतं." तिनं पेटारा उघडला. सगळे मेल आत होते, ठेवणीतल्या रजयांसारखे घडी घालून. हॉटेलचे सगळे निरोपही होते.

"पण मग धूर दिल्यावर मेल यायचा तो?" खाटकानं विचारलं.

"बक्शी येतात कधी?" मी म्हटलं. "जेवणानंतर. तेव्हा तिकडे सकाळ होते, लोक कामाला बसून लिहायला लागतात. एरवी कोणी टक लावून बसत नाही. तुम्ही मेंढी कापून पडद्यासमोर बसता, मग मेल आला की तो मेंढीचा."

बक्शी एव्हाना जोडे शोधत होता. ढिगात त्याला स्वतःचे सापडेनात. "ताईत चुकीच्या जागी ठेवला," तो म्हणाला. "छताला टांगायचा होता." कोणी हसलं, मग सगळेच हसले, आणि तो एका पायात दुसऱ्याचा जोडा घालून निघून गेला.

बुरुल एजेनं जिपारला खुर्चीवर बसवलं, स्वतःच्या हातानं चहा ओतला, सोबत लोणी लावलेला नान ठेवला. "पोरी, झालं गेलं मनात ठेवू नकोस. सापडले ना सगळे!"

जिपारनं चहाला हात लावला नाही.

"सापडले, एजे," ती म्हणाली. "आणि सापडले नसते तर?"

मघा पुटपुटलेली सासू कापडाची घडी घालायला लागली.

त्या प्रश्नाचं उत्तर वाचणाऱ्यांना मीच सांगते. जिपारचं नशीब, तिच्यावरचा आळ एका बटणानं फिटला. पलीकडच्या खोऱ्यात कोणाची गाय आटेल, कोणाचं मूल तापेल, आणि लोक अशाच एखाद्या बाईकडे वळून बघतील. तिथं उचलून दाखवायला ताईत नसेल आणि उघडायला पेटारा नसेल. गाय का आटली, मूल का तापलं, ते आपल्याला सापडलं नाही, एवढंच तेव्हा खरं असेल. तेवढंच म्हणा, आणि शोधत राहा. ती निर्दोष आहे हे तिनं का सिद्ध करायचं? तिच्याकडे बोट दाखवणाऱ्याला पुरावा मागा.