सायची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी, कडेला पोचा पडलेली स्टीलची वाटी आहे. दिल्लीत आर. के. पुरमच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये, बाल्कनीतल्या नळापाशी माझा मुक्काम असतो. माझ्या अंगाला मासळीचा वास येतो. नाक मुरडू नका हं! एके काळी मी स्वयंपाकघरातल्या फळीवर, नैवेद्याच्या ताटाशेजारी बसत होते.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्यावर दणकन साचा बसला आणि मी झाले. नाशिकच्या दुकानातून माझ्या मालकिणीच्या, भानुमतीच्या मावशीनं मला तिच्या लग्नासाठी घेतलं. दुकानदारानं घूं घूं करणाऱ्या यंत्रानं माझ्यावर ‘भानुमती’ असं नाव कोरलं. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! तिचा नवरा विनय केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून तिच्याबरोबर मीही दिल्लीला आले. त्यांची लेक अक्षया माझ्यातलाच मऊ वरणभात खाऊन मोठी झाली. एकदा तिनं रागानं मला फरशीवर भिरकावलं, तेव्हाचा हा पोचा. मग पाहुण्यांपुढे मला कोण ठेवणार? मी फळीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन पडले.

तिथून मी बाहेर आले ती सायमुळे. अक्षयानं जिन्याखालून मांजराचं पांढरंशुभ्र पिल्लू उचलून आणलं. भानुमतीनं त्याचं नाव ठेवलं साय, आणि मला त्याच्या हवाली केलं. सकाळ-संध्याकाळ माझ्यात ताजं दूध आणि त्यात कुस्करलेली पोळी. भानुमती शेजारी बसून म्हणायची, “खा गं माझी बाय, सगळं संपव.” साय मला चाटूनपुसून लख्ख करायची. अहो, पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडले, याचा मला केवढा आनंद!

या घरात मांसमच्छीला उंबरठ्याच्या आत प्रवेश नाही. विनय ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये अंडं खातो हे सगळ्यांना ठाऊक, पण घरी त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. एकदा सायनं बाल्कनीत उंदीर धरून आणला. भानुमती किंचाळली. सगळं घर धुऊन काढलं आणि दुसऱ्याच दिवशी बाल्कनीला जाळी ठोकून घेतली. “या घरात राहायचं तर घरच्या वळणानं राहायचं, कळलं का भवाने?” सायला काय कळणार! ती जाळीपलीकडची कबुतरं बघत बसली.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना भानुमती कौतुकानं सांगायची, “आमची साय अगदी शुद्ध शाकाहारी हो!” बायका म्हणायच्या, “कित्ती गुणाची!” त्या वेळी मीही मनातून फुशारून जायचे.

आणि मग, मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत साय संपायला लागली.

आधी तिचं पोट बिघडलं. मग अंगावरची चमक गेली. भरउन्हातही तिच्या डोळ्यांतली काळी बाहुली मोठीच्या मोठी राहू लागली. दूध प्यायला आली की तिचं नाक माझ्या काठावर आपटायचं. अक्षया म्हणाली, “आई, साय भिंतीला टकरावली. सच्ची!” भानुमती म्हणाली, “झोपेत असेल गं,” आणि माझ्यात आणखी दूध ओतलं. सायच्या छातीचा भाता धापधाप चालायचा. मी काठोकाठ भरलेली, आणि माझ्यातून खाणारी उपाशी! किती वाटायचं, ओरडून सांगावं, बाई गं, थांब, हे तिच्या अंगी लागत नाही! पण मला आपटलं तरच माझा आवाज निघतो. माझ्यासारखी दुर्दैवी वाटी जगात नसेल.

शेवटी साय चालता चालता मटकन बसली आणि उठेचना. भानुमतीनं तिला टोपलीत घातलं. वाटेत भूक लागली तर म्हणून मलाही दूधपोळीच्या डब्यासकट पिशवीत घेतलं. जनावरांच्या डॉक्टरांनी, नीरज त्यांचं नाव, सायला तपासलं आणि विचारलं, “खाती क्या है?” भानुमतीनं अभिमानानं मला पुढे केलं. “दूध-रोटी. बहुत प्यार से खाती है.”

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मग शांतपणे सांगू लागले. गाय चाऱ्यावर जगते. कुत्र्याचं भातपोळीवर थोडंफार निभतं. मांजराचं नाही. डोळे आणि हृदय चालायला त्याला एक घटक लागतो, तो त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही आणि दूधपोळीतून भागत नाही. तो मिळतो मांसामासळीतून.

“पनीर दूँ तो?”

“नहीं मॅडम. आँखें तो गईं. दिल शायद बच जाए. दवा दे रहा हूँ, पर मछली आज से ही.”

भानुमतीच्या हातून मी खाली पडले. टण्ण!

घरी विनयनं तोडगा काढला. “अगं, खालच्या उल्काताई मासे करतात. त्या उकडून देतील. आपण जिन्यात कागदी ताटलीत घालू. घरात काही येणार नाही, बिल्कुल नाही.” तसं केलं. पण आंधळी साय त्या अनोळखी जागी थरथर कापू लागली. ताटलीला तोंडच लावेना. सरपटत, दाराला धडकत ती घरात आली आणि स्वयंपाकघरातल्या तिच्या कोपऱ्यात पंजानं जमीन चाचपू लागली. ती मला शोधत होती हो! तिच्या अंधारात तिला ओळखीचा एवढा माझाच काठ उरला होता.

मी ओट्यावर होते. भानुमतीनं मला उचललं. तिचा अंगठा माझ्यावरच्या नावावरून फिरत राहिला. एकदा यात मासळी पडली की ही वाटी फळीवर परत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. घाल गं बाई, घाल लवकर, मी मनात आक्रोश करत होते.

“बाटली तर बाटली,” ती रडत म्हणाली. मला सायपुढे ठेवलं आणि स्वतःच्या हातानं मासळी घातली, उकडल्याच्या पाण्यासकट. सायनं माझा काठ हुंगला. एक घास घेतला. मग दुसरा. भानुमती पदर तोंडाला लावून बघत होती. “मी तिला उपाशी मारत होते हो,” ती विनयला म्हणाली. “रोज पोटभर वाढून!”

तेव्हापासून मी बाल्कनीत आहे. सायला दिसत नाही आणि कधीच दिसणार नाही. भानुमती चमच्यानं मला टण्ण वाजवते, तेव्हा ती भिंतीच्या कडेकडेनं येते. कधी फार उशीर लावते. तेवढ्या वेळात माझा जीव कासावीस होतो. हृदयाचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर अजून म्हणतात.

मित्रांनो, हात जोडता आले असते तर जोडून विनवलं असतं. घरी जनावर आणाल तर आपल्या ताटातलं त्याला वाढण्याआधी त्याचं पोट कसलं आहे ते जाणत्याला विचारा. तुमची माया त्याला पचेलच असं नाही.

फळीवरच्या बाकीच्या वाट्या भानुमती धुऊन पालथ्या घालते. मला मात्र ती रोज घासून उताणीच ठेवते. पालथी वाटी म्हणजे जेवणारं कुणी उरलं नाही; मला तशी घालायला तिचा हात धजत नाही.