तंबूतली माया

मी तंबू बोलतोय. तुम्ही म्हणाल, तंबूला काय बोलायचं असतं? असतं हो. तुम्ही माणसं उठसूट माझं नाव घेता, आणि तेही कधी चांगल्या कारणासाठी नाही. पाहुणा चार दिवसांच्या वर राहिला की 'यानं तर तंबूच ठोकला'. निवडणुकीत कोणाचं तोंड उतरलं की 'अमक्याच्या तंबूत घबराट'. माझ्यात घबराट व्हायला आधी आत कोणीतरी असावं लागतं ना? माझ्या आयुष्याची पहिली सात वर्षं माझ्या आत कोणी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. माझी डावी शिवण घालणाऱ्या बाई त्या वेळी शेजारणीला सुनेच्या तक्रारी सांगत होत्या, त्यामुळे तिकडचे टाके जरा रागात पडले आहेत. रंग हिरवा, दाराला चेन आणि आतल्या बाजूला शिवलेली एक चिठ्ठी, 'दोन माणसांसाठी'. तपासनीस आला, त्यानं मला चार कोपऱ्यांनी ताणून बघितलं, 'ठीक आहे' म्हणाला आणि पिशवीत कोंबलं. मी 'उत्तम' ऐकायची तयारी करून बसलो होतो. ते 'ठीक आहे' मला फार लागलं.

माझे पहिले मालक एका विमा कचेरीतले साहेब. 'निवृत्त झालो की डोंगरात जाऊन राहणार' असं ते तीस वर्षं सगळ्यांना ऐकवत होते, म्हणून निरोपाच्या दिवशी कचेरीनं वर्गणी काढून मला त्यांच्या हातात दिलं. टाळ्या वाजल्या. साहेब घरी आले आणि टीव्हीसमोर जे बसले ते बसलेच. शेवटी त्यांच्या बायकोनं मला बाल्कनीतल्या धुण्याच्या मशीनवर झाकण म्हणून घातलं. सात वर्षं मी त्या मशीनची थरथर अंगावर घेत पडून होतो.

मग एक दिवस त्या इमारतीची लिफ्ट बंद पडली आणि ती दुरुस्त करायला जो आला, तो माझा आत्ताचा मालक. पाणी मागायला आत आला आणि त्याची नजर माझ्यावर गेली. 'साहेब, हा तंबू आहे ना? मशीनवर?' साहेब ओशाळले. म्हणाले, 'घेऊन जा बाबा. फुकट घेऊन जा. रोज दिसतो आणि रोज मला काहीतरी आठवतं. फक्त वापर म्हणजे झालं.'

लिफ्टवाल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. त्याची बायको शिवणकाम करते. टेलरचं स्त्रीलिंग काय होतं मला ठाऊक नाही, मी मनातल्या मनात तिला टेलरीण म्हणतो. बारा वर्षं ती एका दुकानात मशीनवर बसत होती. आता दिवस गेल्यामुळे जिने चढणं-उतरणं कमी करायचं म्हणून तिनं मशीन घरी आणलं होतं. सहावा महिना अर्धा सरला होता.

दोघांच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत ती दोघंच अशी कुठे गेली नव्हती. दर वर्षी जायचं ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. एकदा फ्रिजनं मान टाकली, एकदा धाकट्या दिराची फी निघाली, एकदा छत गळलं. आता डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, 'जायचं तर सातवा लागायच्या आत जाऊन या. नंतर प्रवास बंद. आणि बसचे धक्के टाळता आले तर बघा.' म्हणजे हातात उरले दोन आठवडे.

'परवा मी हिशेब केला,' टेलरीण म्हणाली. 'एकदा तिघं झालो की परत दोघं व्हायला वीस वर्षं लागतील.'

'बावीस,' लिफ्टवाला म्हणाला. 'शिक्षण धरून.'

मग बेत सुरू झाले. पहिल्या दिवशी समुद्रकाठचं हॉटेल होतं, खिडकीतून लाटा दिसणारं. दुसऱ्या दिवशी तेच हॉटेल, पण मागच्या बाजूची खोली, जिच्या खिडकीतून हॉटेलचं स्वयंपाकघर दिसतं. तिसऱ्या दिवशी मावशीचं घर निघालं. टेलरीण म्हणाली, 'मावशीकडे गेलं की फिरायला गेल्यासारखं होत नाही, भांडी घासायला गेल्यासारखं होतं.' चौथ्या दिवशी लिफ्टवाल्यानं मला पिशवीतून बाहेर काढलं. कोणीतरी सांगितलं होतं, सहा तासांवर एक तळं आहे, त्याच्या काठाला तंबूपुरती जागा अगदी स्वस्तात मिळते.

त्यांनी मला बाहेरच्या खोलीत उभं केलं. माझा शेंडा पंख्याला लागला आणि कपाटाचं दार उघडेनासं झालं. पण उभा राहिलो हो मी, आयुष्यात पहिल्यांदा. लिफ्टवाल्यानं चिठ्ठी वाचली. लिफ्टमध्ये किती माणसं चालतात ते बघण्यात त्याचं आयुष्य गेलेलं.

'क्षमता दोन,' तो म्हणाला. 'आपण किती?'

'दोन.'

'आणि...?' त्यानं तिच्या पोटाकडे बोट केलं.

'त्याला अजून तिकीट लागत नाही.'

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिनं मला मांडीवर घेतलं आणि माझ्या दोन्ही बाजू उसवल्या. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण हात असा हलका की त्या कारखान्यातल्या बाईंनी येऊन शिकावं. एका बाजूला तिनं नवऱ्याच्या जुन्या रेनकोटची पट्टी जोडली, दुसरीकडे स्वतःच्या. मग दोन्ही पट्ट्या आत दुमडल्या आणि वरून अशी शिवण घातली की बाहेरून कळू नये. याला शिवणकामात माया म्हणतात. शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. पुढेमागे कपडा आखूड पडला की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा मोठा. तिनं माझ्यात चार-चार बोटं माया ठेवली, आणि मी जरा फुगलो.

आता घोळ कुठे झाला तो सांगतो. संध्याकाळी ती तिच्या ताईशी फोनवर बोलत होती. 'ताई, तंबूत मी दोन्हीकडे भरपूर माया ठेवलीय. ह्यांना नाही सांगितलं. वेळ आली की उसवायची, तोवर कळणारसुद्धा नाही.' आणि हे 'हे' त्याच वेळी दारात बूट काढत होते.

त्याला माया ठाऊक होती ती दोनच तऱ्हेची. एक आईची. दुसरी बड्या साहेबांची, जी ते पदावर असताना जमवतात. त्यात त्याच्या सासूबाईंनी एकदा उशीत नोटा शिवून ठेवल्या होत्या आणि सासऱ्यांनी ती उशी पाहुण्याला प्रवासात डोक्याखाली घ्यायला दिली होती, हा किस्सा त्या घरात दर वर्षी निघतो. झालं. लिफ्टवाल्याची खात्री पटली की बायकोनं माझ्या पोटात पैसे शिवलेत.

पाच वर्षं संसार करून बायकोच्या धंद्यातला एवढा शब्द कळू नये, असं तुम्ही म्हणाल. पण दुकानातलं बोलणं दुकानात राहायचं. आणि तिचं तरी काय? तो एकदा घरी येऊन म्हणाला होता, 'आज गव्हर्नर बदलला.' लिफ्ट सुसाट सुटू नये म्हणून वर एक भाग असतो, त्याला गव्हर्नर म्हणतात. हिनं विचारलं होतं, 'नवे कोण आले?'

त्या संध्याकाळी त्यानं माझ्या पिशवीवरून इतक्या मायेनं हात फिरवला की मला वाटलं, मी एकदम कोणीतरी झालो. दोन दिवसांनी म्हणाला, 'बस रद्द. गाडी ठरवलीय, दारापासून तळ्यापर्यंत. तुझ्या कंबरेला धक्के नकोत.'

'पैसे?'

'अर्धे दिले, बुटांसाठी ठेवले होते ते. अर्धे पोचल्यावर.' आणि डोळे मिचकावून, 'आहे ना सोय. तुला काय सांगायला पाहिजे?'

तिला वाटलं, यानं जादा पाळ्या केल्या असतील आणि आपल्याला सुखद धक्का द्यायचा असेल. तीही समजूतदारपणे हसली. अशी दोघं एकमेकांच्या भरवशावर निर्धास्त झाली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तंबूचं ऐकतंय कोण?

तळं सुरेख होतं. झाडं होती, सावली होती, जागेची राखण करणाऱ्या एक मावशी होत्या. ड्रायव्हरकाकांनी सामान उतरवलं आणि अदबीनं उभे राहिले. लिफ्टवाला म्हणाला, 'एक मिनिट हं,' आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन मला एका झाडामागे नेलं. पुढे काय होणार ते मला कळलं होतं. कर्रकन आवाज झाला. शिवण उसवायची असते, कापायची नसते, एवढंही त्याला ठाऊक नव्हतं.

'अहो, काय करताय हे?' टेलरीण धावत आली. धावत म्हणजे तिला जमेल तशी.

'माया काढतोय. काका थांबलेत.'

'काकांना माया कशाला?'

'उरलेले पैसे नको द्यायला? किती ठेवलीयस?'

'चार बोटं. दोन्हीकडे.'

त्यानं स्वतःची चार बोटं डोळ्यांसमोर धरली. तेवढ्या जाडीची गड्डी त्याला दिसली असणार, कारण चेहरा उजळला. त्यानं माझ्यात हात घातला आणि ओढून बाहेर काढली त्याच्याच रेनकोटची पट्टी. मग दुसऱ्या बाजूची शिवण कापली आणि तिचा रेनकोट निघाला. दोन्ही पट्ट्या त्यानं झटकून बघितल्या.

'हे कापड आहे,' तो म्हणाला.

'माया कापडाचीच असते. तुम्हाला काय वाटलं?'

त्याला काय वाटलं ते त्यानं सांगितलं. ती आधी हसली, इतकी की तिला झाडाला धरावं लागलं, आणि मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण आता काकांना द्यायला होते ते जागेच्या भाड्याचे पैसे, आणि ते दिले की राहायला जागा नव्हती. काका बिचारे भले होते. म्हणाले, 'मी तसाही रिकामाच परत चाललोय, बसा, त्याचे वेगळे नको.' म्हणजे फुकटात घरी. पुढची संधी बावीस वर्षांनी.

टेलरीण खाली बसली. 'मी परत येणार नाही,' ती म्हणाली. 'मला इथंच राहायचंय.' ती ज्या तऱ्हेनं बसली त्याला तुम्ही माणसं माझंच नाव देता, आणि पहिल्यांदाच मला त्याचा अभिमान वाटला.

लिफ्टवाला तिच्या शेजारी टेकला. 'पण माया ठेवलीस कशाला?'

'पुढच्या वर्षी तिघं येऊ तेव्हा नवा तंबू कुठे परवडणार आहे?'

'मग मला सांगायचं की.'

'तुम्ही म्हणाला असतात, पोर अजून जन्माला नाही आणि ही तंबू मोठा करायला निघाली.'

'म्हणालो असतो,' त्यानं कबूल केलं. 'चुकलो. मला तुला एकदा तरी नीट घेऊन यायचं होतं गं.'

इतका वेळ मावशी माझी शिवण उलटसुलट करून बघत होत्या. 'ही घडी कोणी घातली?' त्यांनी विचारलं. मग त्या आपल्या खोलीत गेल्या आणि भाड्यानं द्यायचे तीन तंबू ओढत घेऊन आल्या. एकाची चेन अडकलेली, दोघांच्या बाजू फाटलेल्या. 'एवढे नीट करून दे पोरी, आणि तीन रात्री राहा. वर चहा माझा.'

काकांचे पैसे चुकते झाले. जाताना त्यांनी सीटचं फाटलेलं कव्हर टेलरिणीकडून शिवून घेतलं आणि परतीला बसच्या भाड्यात न्यायचं कबूल केलं. मग सुट्टीचा पहिला दिवस शिवणकामात गेला. ती टाके घालत होती, तो सुया ओवून देत होता. कात्रीला हात लावायची त्याला बंदी होती. तिसऱ्या तंबूपाशी त्यानं अगदी सराईतासारखं विचारलं, 'ह्यात किती माया ठेवणार?' मावशी चहाचा कप सांडेपर्यंत हसल्या.

सगळ्यात शेवटी माझी पाळी आली. मावशी म्हणाल्या, 'फाटलाच आहे तर आता मोठाच करून घे. ऐसपैस झोपाल.' टेलरिणीनं मला समोर पसरलं, क्षणभर बघितलं, आणि दोन्ही पट्ट्या पुन्हा आत दुमडल्या. 'नको,' ती म्हणाली. 'ही खेप दोघांचीच आहे.' आणि तिनं माझी शिवण पक्की केली.

आज तिसरा दिवस. दुपारची जेवणं झाली आहेत, तळ्यावर वारा आहे. दोघं आत दाटीवाटीनं झोपली आहेत. तो घोरतोय, तिची पाठ त्याला टेकलेली आणि पोट माझ्या कापडाला. आत्ताच मला आतून एक बारीकशी लाथ बसली. मशीनची थरथर मी सात वर्षं सोसली आहे, पण असं काही मला कधी लागलं नव्हतं. मी नुसता शहारलो. या दोघांना पत्ताही नाही.

तेव्हा जाता जाता एक विनवणी करतो, आणि ती वाचणाऱ्यांना नाही. पोरा, किंवा पोरी, जो कोणी तिकडे आहेस, तुलाच सांगतो. जरा दमानं घे. हवं तर मला मार, मी काही बोलणार नाही, पण तिला उठवू नकोस. उद्या सकाळी गाडी येणार आहे. एवढी एक दुपार या दोघांना असू दे, यापुढच्या सगळ्या तुझ्याच आहेत.